खात्री कशाची आणि किती?

वाचकांचे प्रश्न

विश्वास, शंका आणि खात्री या विषयावर आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही घरांतून आली आहेत, त्यामुळे शिकवण जिथे वेगळी आहे तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. प्रश्न थोडे आटोपशीर केले असून नावे गाळली आहेत.

*मी इंजिनीअरिंगला आहे. जे सिद्ध करता येत नाही ते खरे कसे मानायचे? चर्चमध्ये 'मला पूर्ण खात्री आहे' म्हणणाऱ्यांची खात्री नेमकी कशावर उभी असते? (पुणे)*

असे म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी 'कशाची?' एवढेच विचारा. निम्मा गोंधळ तिथेच सुटेल. ख्रिस्ती माणूस एका दमात चार वेगळ्या गोष्टी बोलून जातो. येशू रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या वेळेस वधस्तंभावर मरण पावला. तो देवाचा पुत्र आहे. माझ्या पापांची क्षमा झाली आहे. आणि देवाने मला ही नोकरी सोडायला सांगितले आहे. यांतली पहिली गोष्ट इतिहासाची आहे, तिचा पुरावा कागदपत्रांतून आणि साक्षींतून येतो. दुसरी देवाने प्रकट केलेल्या सत्याची आहे. तिसरी एका वचनाची आहे, जे माणूस स्वतःला लागू करून घेतो. चौथी खासगी मार्गदर्शनाची. चारही बाबतींत सारखीच खात्री मिळते असा दावा कोणत्याही मुख्य ख्रिस्ती परंपरेने केलेला नाही. चौथी सर्वांत कच्ची असते, आणि व्यवहारात सर्वांत मोठ्या आवाजात तीच सांगितली जाते.

आता 'सिद्ध' या मुद्द्याकडे. इंग्रज धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० मध्ये संमतीच्या, म्हणजे मन एखादी गोष्ट खरी म्हणून कशी स्वीकारते या, प्रश्नावर एक ग्रंथच लिहिला. त्यातले त्यांचे उदाहरण साधे आहे. ग्रेट ब्रिटन हे बेट आहे याबद्दल कोणाही इंग्रज माणसाच्या मनात शंका नसते, पण किनाऱ्याने सगळी फेरी मारून ते तपासणारे किती? नकाशे, प्रवाशांचे बोलणे, शाळेतले धडे, इतिहासातल्या घटना असे सगळे एकाच दिशेने जाते आणि मन निःशंक होते. एकेकट्या धाग्याला फारसा जोर नसतो. न्यूमन यांच्या मते माणसाच्या बहुतेक ठाम खात्र्या अशाच तयार होतात आणि धर्मातली खात्रीही याच जातीची असते.

मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी यात आणखी एक बारकावा घातला. विश्वास हा नुसत्या मतापेक्षा पक्का असतो, पण डोळ्यांनी पाहिल्यासारखे ज्ञान तो नसतो. पुरावा बुद्धीला वाटेपर्यंत आणतो, जबरदस्ती करत नाही. शेवटचा होकार इच्छेने द्यावा लागतो, आणि कृपेशिवाय, म्हणजे देवाच्या मदतीशिवाय, तो दिला जात नाही. म्हणून ज्याच्यावर विश्वास ठेवला आहे त्या देवाकडे पाहिले तर ही खात्री सर्वांत भक्कम, आणि ती बाळगणाऱ्या माणसाच्या मनाकडे पाहिले तर डळमळू शकणारी. दोन्ही एकाच वेळी खरे. कॅथलिक चर्चच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने एप्रिल १८७० मध्ये हेच दोन बाजूंनी बांधून टाकले: विश्वास म्हणजे आंधळी उडी नाही, आणि तो निव्वळ तर्काचा निकालही नाही. प्रोटेस्टंट बाजूने १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी खऱ्या विश्वासाचे दोन भाग सांगते, निश्चित ज्ञान आणि मनःपूर्वक भरवसा. दोन्हीकडे 'मेंदू बाजूला ठेवा' असे कोणी म्हणत नाही.

यात चुकते कुठे? एक तर 'बायबल खरे, कारण बायबलच तसे म्हणते' या गोल फेरीत. त्यापेक्षा आधी शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाचे चार वृत्तांत) पहिल्या शतकातली जुनी कागदपत्रे म्हणून वाचावीत आणि ती देवाचे वचन आहेत का हा प्रश्न त्यानंतर घ्यावा. दुसरे म्हणजे सगळा भार एकाच खांबावर टाकणे. एखाद्या चमत्कारामुळे, एखाद्या प्रभावी वक्त्यामुळे विश्वास ठेवला आणि वर्षभराने तो चमत्कार खोटा निघाला किंवा वक्ता घसरला, की ख्रिस्तही त्याच्याबरोबर जातो.

*पुनरुत्थानाचा ऐतिहासिक पुरावा आहे असे प्रवचनात सांगतात. कॉलेजमधले मित्र हसतात. नेमका किती पुरावा आहे? (छत्रपती संभाजीनगर)*

मित्रांपुढे सुरुवात शुभवर्तमानांपासून करू नका, पौलाच्या पत्रापासून करा. करिंथकरांस पहिले पत्र इ.स. ५४-५५ च्या सुमारास लिहिले गेले, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत. त्याच्या १५ व्या अध्यायात ३ ते ८ या वचनांत पौल सांगतो की, हे मला मिळाले तेच मी तुम्हाला दिले: ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग एका वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोबाला. शब्दांची ठेवण पाठ करण्याजोगी आहे. पौलाच्या आधीपासून चालत आलेले हे सूत्र असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. आता गलतीकरांस पत्र १:१८-१९ काढा. पौल यरुशलेमेत केफाजवळ पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. म्हणजे यादीतल्या दोन मुख्य साक्षीदारांना तो स्वतः ओळखत होता.

यातून सिद्ध काय होते? अनुयायांना येशू जिवंत दिसला अशी त्यांची अगदी सुरुवातीपासूनची, ठाम समजूत होती. इतिहासाचा भक्कम भाग इथपर्यंत, आणि ख्रिस्ती नसलेले अनेक अभ्यासकही इथपर्यंत येतात. ती समजूत कशामुळे झाली, हा पुढचा प्रश्न. देवाने त्याला उठवले, हे उत्तर इतिहासाशी सुसंगत आहे, पण इतिहासाची साधने ते उत्तर सक्तीने काढून देत नाहीत. देव आहे आणि तो असे करू शकतो, हे ज्याला मुळातच अशक्य वाटते तो दुसरे कोणतेही स्पष्टीकरण पत्करील. या जागी 'सगळे इतिहासकार मानतात' असे ठोकून देणे हीच प्रवचनातली नेहमीची चूक, आणि मित्र हसतात ते तिला.

चार शुभवर्तमानांच्या वृत्तांतांत तफावत आहे हेही आधीच कबूल करावे. मार्कात कबरेपाशी मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे अशा तिघी आहेत. मत्तयात दोघी. लूकमध्ये योहान्ना आणि इतरही. योहान एकट्या मग्दालीयेचे नाव घेतो. मार्कात एक तरुण बसलेला दिसतो, लूकमध्ये दोन पुरुष. शिष्यांची भेट मत्तय गालीलात दाखवतो, लूक यरुशलेमेत. चौघांत समान ते इतके: आठवड्याचा पहिला दिवस, सकाळ, मग्दालीया, सरकलेली धोंड, शरीर नाही. तपशिलांचा हा मेळ बसवायचे प्रयत्न पुष्कळ झाले. काही पटण्यासारखे आहेत, काही ओढूनताणून केलेले. साक्षींचा गाभा एक आणि कडा वेगळ्या, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे.

बायबलबाहेरचे पुरावे वापरताना हात आखडता ठेवा. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास लिहितो की, टायबेरियसच्या काळात पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. यहुदी इतिहासकार जोसेफस 'ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब' याला दगडमार झाल्याचे सांगतो. हे दोन उतारे उपयोगी आहेत. जोसेफसचा दुसरा, अधिक प्रसिद्ध उतारा मात्र जसाच्या तसा वापरू नये, कारण 'तो ख्रिस्त होता' यांसारखी वाक्ये नंतरच्या ख्रिस्ती हाताने घातली आहेत असे अभ्यासकांचे जवळजवळ एकमत आहे. आणि टॅसिटस काय, जोसेफस काय, दोघेही वधस्तंभाचे किंवा येशूच्या घराण्याचे साक्षीदार ठरतात, रिकाम्या कबरेचे नाहीत.

*आमच्या बायबलमध्ये मार्कच्या शेवटच्या वचनांवर टीप आहे की, जुन्या प्रतींत ही नाहीत. मग बाकीच्यावर भरवसा कसा ठेवायचा? (मिरज)*

टीप छापणाऱ्यांनी तुम्हाला फसवले नाही, हेच भरवशाचे कारण. मार्क १६:९-२० ही बारा वचने चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. तिथे शुभवर्तमान आठव्या वचनाशी, स्त्रिया भ्यालेल्या असतानाच, संपते. असा दुसरा मोठा उतारा म्हणजे योहान ७:५३ ते ८:११, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट. आणि १ योहान ५:७ मधले त्रैक्याचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एक असल्याचे) वाक्य प्राचीन ग्रीक प्रतींत आढळत नाही. विद्वान संपादक इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या छापील ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, १५२२ मध्ये घेतले.

नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते उरली आहेत. त्यामुळे फरक हजारोंनी सापडतात आणि त्याच कारणाने ते पकडताही येतात. बहुतेक फरक स्पेलिंगचे, शब्दांच्या क्रमाचे किंवा नजर चुकून गाळलेल्या ओळींचे असतात. कोणतीही मुख्य शिकवण फक्त वादग्रस्त उताऱ्यावर उभी नाही. तुम्ही मात्र एक पथ्य पाळा: साप उचलण्याचे आणि विष पिण्याचे वचन याच बारा वचनांत आहे, तेव्हा त्यावर कसलाही आचार उभा करू नका.

*मी कॅथलिक, पत्नी प्रोटेस्टंट. तिचे म्हणणे, बायबल पुरेसे आहे. माझे, अर्थ ठरवणारे कोणीतरी हवे. दोघांपैकी खात्री कोणाची खरी? (वसई)*

तुमचे भांडण सोळाव्या शतकापासूनचे आहे, दोन परिच्छेदांत मिटणार नाही. पण दोघांनीही एकमेकांचे म्हणणे थोडे चुकीचे धरले असावे असे पत्रावरून वाटते.

पोप बोलले की ते अचूक, असे कॅथलिक शिकवण म्हणत नाही. १८ जुलै १८७० च्या व्याख्येत अटी आहेत: सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयी, संपूर्ण ख्रिस्तसभेने मानावे म्हणून, निर्णायक रीतीने. १८७० नंतर या अटींनुसार स्पष्टपणे एकदाच घोषणा झाली, १ नोव्हेंबर १९५० रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाविषयी. बाकी शिकवणीला पायऱ्या आहेत. देवाने प्रकट केले म्हणून जे शिकवले जाते त्यावर विश्वास ठेवायचा. जे निर्णायकपणे शिकवले जाते ते मान्य करायचे. पोप आणि महागुरू (बिशप) जे नेहमीच्या अधिकाराने शिकवतात त्याला मनाची आणि बुद्धीची आदरपूर्ण संमती द्यायची. गावच्या फादरांचे राजकारणावरचे मत यांपैकी कशातही बसत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असेही सांगितले की, सत्यांमध्ये उतरंड असते. ख्रिस्ती विश्वासाच्या पायाशी प्रत्येकाचे नाते सारखे नसते.

आणि प्रोटेस्टंट शिकवण 'ज्याला जसे वाटेल तसे वाचा' म्हणत नाही. शास्त्र हा अखेरचा निकष, पण मतांगीकार (उपासनेत म्हटले जाणारे श्रद्धेचे ठरावीक विधान), मंडळीचा इतिहास आणि मूळ भाषांचा अभ्यास यांना डावलायचे नसते. वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब, म्हणजे प्रोटेस्टंट श्रद्धेचे एक जुने लेखी विधान, सांगतो की, शास्त्रातल्या सगळ्या गोष्टी सारख्या सोप्या नाहीत, मात्र तारणासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या माणसालाही नेहमीच्या साधनांनी कळतील इतक्या स्पष्ट आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली. बिशप हवेत की नकोत, बाप्तिस्मा बाळांना की मोठ्यांना, यांवर आधी त्यांची वेगवेगळी खात्री होती, आणि त्यांत कोणाला पायाचे सत्य सोडावे लागले नाही.

घरात एक करून पाहा. निकेयाचा मतांगीकार समोर ठेवून वाक्यावाक्यावर दोघांनी खूण करा: मान्य, अमान्य, अर्थ वेगळा. 'एकच, पवित्र, कॅथलिक व प्रेषितीय' या ओळीवर थोडे थांबाल, बाकी जवळजवळ सगळीकडे 'मान्य' येईल. मग उरलेले भांडण किती रुंद आहे ते दिसेल.

*आमच्या प्रार्थना गटातल्या एका भाऊंनी सांगितले, 'प्रभूने मला दाखवले, मुलीचे हे लग्न होऊ देऊ नका, आणि तुमच्या साखरेच्या गोळ्या-इंजेक्शने बंद करा, तुम्ही बरे झाला आहात.' न ऐकणे म्हणजे अविश्वास का? (अहिल्यानगर)*

औषधाचे आधी. इन्सुलिन आजच, ठरल्या वेळी घ्या. गोळ्याही. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबले तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येतो, टाइप २ मध्येही साखर बेसुमार वाढते. बरे झाल्याचे खरोखर वाटत असेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या; डोस कमी करायचा तर डॉक्टर करतील. यात अविश्वास काहीही नाही. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले तेव्हा त्यांना 'जाऊन स्वतःस याजकांना दाखवा' असे सांगितले (लूक १७:१४). नियमशास्त्राप्रमाणे त्वचा तपासून निर्णय देण्याचे काम त्या काळी याजकाचे होते. म्हणजे बरे झाल्याची खात्री बरे झालेल्याने किंवा प्रार्थना करणाऱ्याने द्यायची नसून तपासणाऱ्याने द्यायची, असा पायंडा शुभवर्तमानातच आहे.

फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी हाच पायंडा टोकाला नेलेला दिसतो. तिथे १८५८ पासून बरे झाल्याचे हजारो दावे नोंदले गेले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. आजार गंभीर होता का, निदान पक्के होते का, उपचारांनी बरे झाले असे म्हणता येते का, सुधारणा एकाएकी आणि पूर्ण झाली का, आणि ती वर्षानुवर्षे टिकली का, हे वैद्यकीय मंडळ तपासते. 'टिकली का' या अटीमुळेच कित्येक दावे गळतात. आपल्याकडच्या सभांमध्ये व्यासपीठावर साक्ष होते ती त्याच रात्री.

आता लग्नाचे. ख्रिस्ती परंपरेत संदेशाची पारख करणे हे पाप नाही, ती आज्ञा आहे. 'सर्व गोष्टींची पारख करा. चांगले ते बळकट धरा' (१ थेस्सलनीकाकरांस ५:२१). १ करिंथ १४:२९ मध्ये तर संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी असा क्रमच आहे. तुमच्याकडे दुसरा भाग झालेला दिसत नाही. तो असा करता येईल.

भाऊंना संदेश लिहून द्यायला सांगा: नेमके शब्द, तारीख, खाली सही. बहुतेक संदेश इथेच विरघळतात, कारण बोललेले शब्द पुढे सोयीप्रमाणे बदलता येतात, लिहिलेले नाहीत. लिहून मिळालेच, तर त्याचे तुकडे पाडा. तपासता येईल असे विधान कोणते ('मुलाला व्यसन आहे' असे काही म्हटले असेल तर ते चौकशी करून कळते), हुकूम कोणता, आणि धमकी कोणती. विधान तपासा. हुकूम ख्रिस्ती नीतीशी ताडून पाहा. सज्ञान मुलीने स्वेच्छेने दिलेली संमती हा ख्रिस्ती विवाहाचा गाभाच आहे, तेव्हा तिला वगळून आलेला हुकूम तिथेच लंगडा पडतो. धमकीला किंमत देऊ नका. मग त्या भाऊंवर अवलंबून नसलेल्या दोघा-तिघा जाणत्या माणसांना कागद दाखवा, एक तुमचे पाळक किंवा धर्मगुरू, शक्य तर एक गटाबाहेरचे. 'कोणाला सांगू नका', 'आज रात्रीच ठरवा', 'एवढे अर्पण द्या म्हणजे संकट टळेल' यांपैकी एकही वाक्य आले असेल तर पुढची पारख करायचीही गरज नाही. चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणे आणि दहशत घालणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही आहे, आणि तो सर्व धर्मांच्या माणसांना सारखाच लागू आहे.

संदेश खरा ठरला तरी काम संपत नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातले १८:२२ सांगते की, बोललेले घडले नाही तर तो शब्द परमेश्वराचा नाही. पण त्याच पुस्तकाच्या १३ व्या अध्यायाच्या सुरुवातीला दुसरी बाजू आहे: चिन्ह घडले तरी तो संदेष्टा देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नका. भाकीत खरे ठरणे ही किमान अट झाली, शिक्का नव्हे.

तुमच्या प्रसंगासाठी १ राजे अध्याय १३ सावकाश वाचा. देवाच्या एका माणसाला स्पष्ट आज्ञा असते: इथे भाकर खाऊ नकोस, पाणी पिऊ नकोस, आल्या वाटेने परत जाऊ नकोस. वाटेत एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठतो आणि म्हणतो, मीही संदेष्टा आहे, देवदूताने मला तुला परत आणायला सांगितले आहे. शास्त्र तिथेच सांगते की तो खोटे बोलत होता. देवाचा माणूस परत फिरतो, जेवतो, आणि जाताना सिंह त्याला ठार करतो. म्हाताऱ्याच्या संदेशासाठी स्वतःला मिळालेली आज्ञा टाकून दिली, हा त्याचा दोष. यिर्मया अध्याय २८ याच्या उलट आहे. हनन्या सर्वांसमोर गोड भविष्य सांगतो, बाबेलच्या राजाने नेलेले सगळे दोन वर्षांत परत मिळेल म्हणून. यिर्मया 'आमेन, तसे होवो' म्हणतो, आणि हनन्याने त्याच्या मानेवरचे, देवाच्या संदेशाची खूण म्हणून घातलेले जू मोडले तरी उलट उत्तर न देता निघून जातो. परमेश्वराचा शब्द आल्यावरच तो परततो. खऱ्या संदेष्ट्यालाही थांबता येते.

कॅथलिक वाचकांसाठी एक भर. खासगी दर्शने हा श्रद्धेचा भाग नाही. चर्चने मान्य केलेल्या दर्शनांवरही विश्वास ठेवणे बंधनकारक नाही. मे २०२४ च्या नव्या नियमांनुसार एखादी घटना अलौकिक आहे अशी घोषणा आता सहसा केलीच जात नाही. सर्वांत अनुकूल निकाल म्हणजे 'हरकत नाही'. रोम जिथे इतके जपून बोलते, तिथे प्रार्थना गटाने बोलण्याची घाई करू नये.

*प्रार्थनेत काहीच वाटत नाही. वर्षानुवर्षे. माझे तारण झाले आहे याची खात्री कशी करायची? तीच तीच पापे पुन्हा पुन्हा कबूल करते, तरी क्षमा झाली नसेल असे वाटते. (ठाणे)*

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची उत्तरेही वेगळी.

न वाटणे ही पहिली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवले की, ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो अनुभव यायला सुमारे आठ वर्षे लागली. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचे हृदय २४ मे १७३८ च्या संध्याकाळी विलक्षण उबदार झाले हे सगळे सांगतात. त्यानंतरही त्यांना कोरडे काळ आले हे कमी सांगितले जाते. मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे तर कित्येक दशकांच्या अंधाराची आहेत. भावना हा पुरावा धरला तर ही सगळी माणसे नापास होतात.

खात्री कुठवर मिळते यावर मतभेद आहेत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये म्हटले की, आपण कृपेत (देवाशी योग्य नात्यात) आहोत हे कोणालाही श्रद्धेच्या अचूक खात्रीने कळू शकत नाही. भक्कम आशा धरावी. १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कला न्यायालयात नेमके हेच विचारले होते, तू कृपेत आहेस का? हो म्हटले तर अहंकार, नाही म्हटले तर कबुली. तिने उत्तर दिले: नसेन तर देव मला तिथे आणो, असेन तर तिथेच ठेवो. वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब मानतो की पक्की खात्री मिळू शकते, पण तोही पुढे म्हणतो की ती विश्वासाचा अनिवार्य भाग नाही. खऱ्या विश्वासणाऱ्याला तिच्यासाठी पुष्कळ वाट पाहावी लागू शकते, आणि मिळालेली खात्री मंदावूही शकते. म्हणजे तुमच्या अवस्थेला दोन्ही घरांत जागा आहे.

तपासायचेच तर योहानाच्या पहिल्या पत्राने तपासा, ते याच कामासाठी लिहिले आहे (५:१३). तिथल्या खुणा तीन: येशू ख्रिस्त देहाने आला हे कबूल करणे, त्याच्या आज्ञा पाळू पाहणे, बंधुभगिनींवर प्रीती करणे. तिन्ही खुणा बाहेरून दिसणाऱ्या आहेत. 'आज काय वाटले' ही त्यांत नाही. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांचे दोन नियमही कामाचे आहेत. कोरड्या काळात आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. आणि प्रार्थना नकोशी वाटेल त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडी जास्त करावी. तासभर ठरली असेल तर तासाला चार मिनिटे वर, एवढेच. दुप्पट करायला गेलात तर आठवड्यात सगळेच सुटेल.

दुसरी गोष्ट, तीच पापे पुन्हा पुन्हा कबूल करणे. इथे खात्री वाढवण्याचे प्रयत्नच खात्री खातात. कबुली दिली की थोडा वेळ बरे वाटते, मग 'नीट सांगितले का?' असा विचार येतो, पुन्हा कबुली, आणि दर वेळी बरे वाटण्याचा काळ आखूड होत जातो. इग्नाशियस स्वतः स्पेनमधल्या मनरेसा इथे १५२२ मध्ये या फेऱ्यात सापडून जीव द्यायच्या विचारापर्यंत गेले होते. पाळकीय अनुभवाने ठरलेला उपाय असा: एकच धर्मगुरू किंवा एकच पाळक धरा, त्याने 'झाले' म्हटलेले पाप पुन्हा उच्चारायचे नाही, आठवले तरी नाही, अस्वस्थता सहन करायची. घरच्यांनीही दर वेळी 'हो गं, क्षमा झाली' असे समजावत बसू नये, त्याने चक्र पोसले जाते. रोज तासभर किंवा अधिक वेळ यात जात असेल, झोप-काम बिघडत असेल, तर हा ओसीडीचा (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचा) प्रकार असू शकतो आणि तो मानसोपचारतज्ज्ञाकडे बरा होण्यासारखा आहे. जीव द्यायचे विचार येत असतील तर वाट पाहू नका, घरच्या कोणाला तरी सांगून आजच डॉक्टरांकडे जा. पापाचा प्रश्न आणि आजाराचा प्रश्न एकाच खुर्चीत सुटत नाही. १ योहान ३:२० लिहून ठेवा: आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे.

*ख्रिस्तावर खात्री म्हणजे माझ्या हिंदू आजोळचे सगळे खोटे, असेच मानावे लागते का? (नाशिक)*

नाही. येशू एकमेव तारणारा, हे ख्रिस्ती शिकवणीत मध्यवर्ती आहे आणि ते पातळ करून सांगण्यात अर्थ नाही. पण त्यातून 'इतरत्र सत्याचा कणही नाही' हे निघत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत म्हटले आहे की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही कॅथलिक ख्रिस्तसभा नाकारत नाही. प्रोटेस्टंट बाजूला मते जास्त फाटलेली आहेत, पण रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि त्यांच्या ख्रिस्तनिष्ठेवर कोणी बोट ठेवलेले नाही. आजोळी गेल्यावर तुम्ही काय करावे आणि काय करू नये, पूजेत बसावे का, प्रसाद घ्यावा का, हा आचाराचा प्रश्न आहे. त्यासाठी १ करिंथ अध्याय ८ आणि १० सलग वाचा, तुकड्यांनी नको, कारण आठव्यात दिलेली मोकळीक दहाव्यात मर्यादित होते.

*मतांगीकारातली दोन-तीन वाक्ये मला अजून पटलेली नाहीत. रविवारी ती म्हणताना खोटे बोलल्यासारखे वाटते. गप्प राहू का? (मडगाव)*

न पटणे दोन प्रकारचे असते. 'हे कसे शक्य आहे ते कळत नाही' ही अडचण झाली. न्यूमन यांच्या म्हणण्याप्रमाणे दहा हजार अडचणी मिळूनही एक शंका होत नाही. अडचण असेल तर वाक्य मोकळेपणाने म्हणा, ते मंडळीबरोबर म्हणायचे असते. 'हे खोटे आहे असे मला वाटते' हा मात्र नकार आहे, आणि तो लपवू नये. ते वाक्य येईल तेव्हा गप्प राहिलात तर कोणी काही म्हणणार नाही. धर्मगुरूंची मिस्सेनंतरच्या गर्दीत नव्हे, आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी वेळ घेऊन अर्धा तास भेट मागा. जाताना एकच वाक्य घेऊन जा, तिन्ही नको. तिन्ही नेलीत तर बोलणे पसरेल आणि एकही धड तपासले जाणार नाही. मधल्या काळात मार्कचे शुभवर्तमान एका बैठकीत वाचा. सोळा अध्याय, दीड तासाचे काम. नवव्या अध्यायात एक बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याचा मुलगा त्याच दिवशी बरा झाला.